मागून येणारा हात

अर्नाळ्याचा सदानंद सुतार लाकडाला रंग फासणाऱ्या माणसाशी धड बोलतसुद्धा नसे. लाकूड तहानलेलं असतं, त्याला पाजायचं असतं, असं त्याचं म्हणणं. पाजायचं ते अळशीचं तेल. पहिल्या हाताला निम्मं तेल नि निम्मं टर्पेंटाईन, म्हणजे पातळ होऊन आत खोल उतरतं. दुसऱ्या हाताला टर्पेंटाईन कमी. तिसरा हात जवळजवळ नुसत्या तेलाचा. हे प्रमाण तो जगाला सांगत सुटे. एक गोष्ट मात्र त्याने कधी कुणाला सांगितली नाही, कारण तेही काम आहे हे त्याच्या गावीच नव्हतं. तो तेल लावत पुढे सरके आणि त्याची बायको जिजा मागून सुती फडक्याने वर राहिलेलं तेल पुसून घेई. अशी तीस वर्षं गेली.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात जिजा काविळीने गेली. पोरबाळ नव्हतं. दिवाळी झाली तरी सदानंदने हत्यारांची पेटी उघडली नव्हती. बोलायला कुणी नाही म्हणून तो भांड्यांशी बोलू लागला. भांडी बिचारी ऐकून घेत. जिजा एकाचे चार सुनवायची, आणि त्याला आता तेच हवं होतं.

अशात नंदाखाल गावच्या लिडियाबाईंचा निरोप आला. बाई शाळेत शिक्षिका. त्यांचं फणसाच्या लाकडाचं जेवणाचं टेबल दर दोन वर्षांनी सदानंदच तेल पाजून नवं करी. रविवारी त्यांच्या मुलाचा, ॲल्रॉयचा साखरपुडा होता. टेबल सातिवलीच्या पॉलिशवाल्याकडे पाठवून काचेसारखं चकचकीत करून आणू, पुन्हा तेलाची कटकट नको, असं ॲल्रॉयचं मत. बाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं. सदानंदकडे तेलाचं एवढं एकच टेबल उरलं होतं. ते गेलं की तो दारं तासणारा सुतार, बस्स.

तो एकटाच आलेला पाहून शाळेला निघालेल्या बाईंनी विचारलं, "जिजा कुठंय?"

"येते मागून," सदानंद म्हणाला. का म्हणाला, देव जाणे. बोलून टाकलं तर ती खरंच गेल्यासारखं होईल, ही भीती असावी.

बाई सवयीने दोन कप चहा ठेवून गेल्या. त्याने दोन्ही कप प्यायले, विसळून पालथे घातले. तिन्ही हातांना हेच नाटक. पहिले दोन हात लाकडाने पिऊन टाकले. तिसरा लावून त्याने डबा बंद केला आणि तो घरी गेला.

दोन दिवसांनी बाईंनी टेबलावर क्रोशाची पांढरी चादर अंथरून पाहिली. ती चिकटून बसली. ओढली तर चादरीची फुलं टेबलावर उमटलेली.

"तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं," बाई त्याला बोलावून म्हणाल्या. ॲल्रॉय नुसता हसला.

सदानंदने बोट टेकवलं. बोट चिकटलं. त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"पुसायचं र्‍हायलं," तो म्हणाला.

"मग जिजाला आणा ना. दर वेळी तीच पुसते."

म्हणजे बाईंना ठाऊक होतं. तीस वर्षं फक्त त्यालाच दिसलं नव्हतं.

"ती नाय, बाई. श्रावनात गेली."

"अहो, पण मी दोन कप..." म्हणत बाई खुर्चीत बसल्या.

त्याने टर्पेंटाईनने घासून सगळा चिकटा काढला. मग नवा पातळ हात सुरू केला. वीतभर लावायचं, थांबायचं, मागे यायचं, पुसायचं. ॲल्रॉय फडकं उचलायला वाकला, तसा सदानंद म्हणाला, "र्‍हाऊदे, बाबा. ह्ये आता मलाच शिकाया पायजे."

दुपारी त्याने टेबलावर तळवा फिरवला. तळवा कोरडा आला. टेबल सातिवलीला जाणार नव्हतं.

बाई चहा घेऊन आल्या. या वेळी एकच कप होता.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण तो एक कप समोर आला आणि चितेपाशीही न रडलेला सदानंद, हातात तेलाचं फडकं तसंच धरून, ढसाढसा रडला.