जागेपणी उघडलेलं डोकं

"डाव्या बाजूला गाठ आहे. बोलण्याच्या केंद्राला अगदी चिकटून," सांगलीच्या सर्जनबाई म्हणाल्या. समोरच्या पडद्यावर माझ्या मेंदूचा एमआरआय होता.

उमेदीची सगळी वर्षं मी विनोद लिहिण्यात घालवली. आधी रेडिओसाठी प्रहसनं, मग टीव्हीच्या मालिका. काम मुंबईचं, पण लिहायला मी गावी, तासगावलाच यायचो. माझ्या लिखाणातली माणसं इथल्यासारखी बोलायची.

एकदा एक भाग लिहिताना 'चप्पल' हा शब्द आठवेना. 'ते पायातलं' असं लिहून पुढे गेलो. निर्मात्याला तो विनोदच वाटला. मग असे शब्द रोज हरवू लागले. तुमचं असं झालं, तर झोप कमी पडली असेल म्हणून सोडून देऊ नका.

ऑपरेशनचं नाव 'अवेक क्रॅनिओटॉमी'. कवटी उघडायची, पण पेशंटला जागं ठेवायचं. कातडी बधिर करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. पेशंटला बोलतं ठेवून मेंदूला एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करून बघतात. बोलणं अडलं, तर ती जागा सोडायची.

"आन् बोलनं कायमचंच गेलं तर?" माझ्या बायकोनं, नसीमनं, विचारलं.

"तो धोका आहे. पण गाठ वाढली तरी ते जाणारच," सर्जनबाई म्हणाल्या.

स्ट्रेचर आत नेताना नसीम कानाशी वाकली. "आवं, आत त्यास्नी हसवू नका. हात हलंल त्यांचा."

डोकं शिकंज्यात घट्ट बसवलेलं, डोळ्यांपुढे हिरवी चादर. एक मुलगी चित्रं दाखवून त्यांची नावं विचारत होती. कुलूप. बैल. छत्री. मग सर्जनबाई मागून म्हणाल्या, "आता तुमचं काहीतरी ऐकवा."

मी जुनं प्रहसन सुरू केलं. एसटीत म्हातारा चढतो. कंडक्टर विचारतो, "आजोबा, कुठं..."

पुढे काहीच नाही. वाक्य मला दिसत होतं, जीभ मात्र परक्याची झाली होती.

"थांबा," बाई मदतनिसांना म्हणाल्या. संपलं, असं वाटलं. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं.

मग आपसूक आलं, "कुठं जायचं?" आणि लगेच म्हातारा, "तुला काय करायचंय रं, तू तिकीट फाड!"

चादरीपलीकडे कुणीतरी खुदकन हसलं.

"वीज काढली तशी वाचा आली. इथं कापायचं नाही," बाई म्हणाल्या.

बाकीची गाठ काढली, तेवढा तुकडा अजून आत आहे. हळू वाढणारा आहे, म्हणून दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. शब्द उशिरा येतात. मालिका सुटली; दिवसाला एक पान लिहून होतं. ज्या बाईंनी वेळेवर हात थांबवला, त्यांच्यामुळे तेवढं तरी होतं.

परवा स्कॅनच्या रांगेत एका ऊसवाल्या शेतकऱ्यानं विचारलं. त्याचंही तेच ऑपरेशन ठरलं होतं. "लय दुखतं का वो?"

शब्द जुळवायला मला वेळ लागला. तो थांबला.

"दुखत न्हाई," मी म्हणालो. "भ्या मातर लय वाटतं."

त्यानं मान हलवली, शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मला बसायला जागा केली.