पाहुण्याच्या वाद्याची पोपटी

मी आणि माझी बायको यमुना, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल परातीतल्या पाण्यात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. (तिचे दहा सोलून व्हायचे तेव्हा माझा एक, आणि तोही निसटून चुलीकडं!) ती आपली गुणगुणत होती. गाणं कुठलं? तर नायजेरियाचं! निडीजवळच्या खेड्यात राहणारी, रोहा आणि पेण सोडून तिसरं गाव न बघितलेली बाई नायजेरियाचं गाणं म्हणत वाल सोलते, ते माझ्या अकलेमुळं.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी थंडीत मेव्हणीचा नंदू पेणहून आला. नंदू तबला वाजवतो. त्याच्याबरोबर इमेका नावाचा पाहुणा होता, नायजेरियाचा वाजवणारा. दोघं आपापलं संगीत एकत्र करून काहीतरी नवीन करतात म्हणे. त्यांना यमुनेची भातलावणीची गाणी हवी होती.

यमुनेनं आधीच बजावलं होतं, "मी नाय गानार. चिखलात पाय असला की गानं येतं. ओटीवर बसून माइकात गायला मी काय रेडिओ हाय?"

मी मात्र नंदूला फोनवर सांगून ठेवलं होतं, "येताना पोपटीला मडकं आण." शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या. पाहुण्याला मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी नको?

दोघं आले. इमेका एवढा उंच, की दारातून वाकून आत आला. ओटीवर सामान टाकलं आणि यमुना त्यांना शेत दाखवायला घेऊन गेली. सामानात चादरीत गुंडाळलेलं मडकं! घोटून गुळगुळीत केलेलं, उंच मानेचं, झकास. पण पोटाला हे एवढं भोक!

'पेणच्या कुंभारानं पोराला गंडवलं,' मी मनात म्हटलं. पण मी काय कच्चा आहे? भोकात भांबुर्ड्याच्या पाल्याचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला. आत शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी. तोंडाला पाला ठासला, मडकं उलटं केलं, भोवती पेंढ्याचा आणि काटक्यांचा जाळ! आणि मिशीला पीळ देत बसलो.

मंडळी परत आली. नंदूनं ओटीवर शोधाशोध केली.

"काका, हितलं मडकं कुठंय?"

"शिजतंय."

"शिजतंय?"

"पोपटी! तूच आनलंस ना? त्या कुंभाराला सांग जरा, भोक..."

नंदू जाळाकडं धावला. "काका, त्याचं वाद्य हाय ते! त्या भोकावर तळवा मारून वाजवतात!"

"मग माझं मडकं?"

"विसरलो!"

काठ्यांनी मडकं ओढून बाहेर काढलं, शेंगा-अंडी परातीत ओतली. काळं ठिक्कर, मानेपासून पोटापर्यंत तडा. नंदू हळूच म्हणाला, "त्याच्या आईनं घडवलंवतं." इमेका मडक्यापाशी आला. नुसता बघत उभा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! मी एक अंडं सोलून त्याच्यापुढं धरलं. (दुसरं काय धरणार?) त्यानं घेतलं, पण खाल्लं नाही.

तेवढ्यात यमुना पुढं झाली. "माझ्या मान्सानं त्याच्या आईचं मडकं जाळलंन. आता नाय म्हनायला तोंड हाय काय मला?" असं म्हणून तिनं अंगणात कळशीभर पाणी ओतलं, चिखल केला, त्यात पाय रोवले आणि गायला लागली!

मडकं निवलं होतं. इमेकानं भोकातला बोळा काढला आणि ते मांडीवर घेऊन हलकेच थाप मारली. फुटक्या घशाचा आवाज आला. पुन्हा मारली, कान लावला आणि हसला.

"काय म्हनतो?" मी विचारलं.

"म्हनतो, मडक्याचा आवाज म्हातारा झाला," नंदू म्हणाला, "पन आता मावशीशी जमतो."

मग तोही गायला लागला. त्याच्या आईचं गाणं, शेतात कंद लावतानाचं. मला गाण्यातलं बैलाइतकंच कळतं. त्याची चाल भलत्याच वळणाची, वाटे आता पडेल, आता पडेल, आणि पडायची ती बरोबर यमुनेच्या ओळीच्या टोकाला! अंगावर काटा आला. नंदूचा मोबाइल सगळं भरून घेत होता, कुत्रंसुद्धा गप्प होतं, आणि त्या शांततेत मी ओरडलो, "अंडी गार व्हतायत! खाऊन घ्या की!"

"अवो, गप बसा वो!" यमुना म्हणाली, आणि जी हसत सुटली ती चिखलात बसलीच.

नंदूनं ते माझ्या मोबाइलवर घालून दिलं. गाणं फर्मास, फक्त मध्येच एक गाढव ओरडतं. यमुनेनं इमेकाच्या गाण्याची चाल मात्र उचलली ती उचललीच.

तर परवा ती वाल सोलताना तेच गुणगुणत होती. संध्याकाळ झाली तशी दिवा लावायला उठली आणि देवापुढं बसली ती पुन्हा उठली नाही. गाव जमलं. झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल तसेच परातीत. शेजारची सुमन म्हणाली, "भावोजी, टाकून देऊ?"

"राहू दे," म्हटलं आणि मोबाइल घेऊन पेंढ्याच्या उडवीमागं जाऊन बसलो. गाणं लावलं. ऐकवेना. पुढं सरकवलं, थेट त्या गाढवापाशी. "अंडी गार व्हतायत!" आणि लगेच तिचं हसणं. मागं घेतलं. पुन्हा गाढव, पुन्हा हसणं. पुन्हा घेतलं.

कितव्यांदा तरी सुमन उडवीमागून डोकावली. डोळे रडून सुजलेले, पण आवाज करडा.

"भावोजी, घरात सुतक हाय. आज तरी अंडी नका मागू."

मान हलवली, आणि ती वळल्यावर गाढवाला पुन्हा ओरडायला लावलं.