घर नंबर सत्तावीस

आमच्या किनाऱ्यावरच्या मतदारसंघात एकही खासदार दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही. प्रत्येकानं समुद्राला बंधारा घालतो म्हणून सांगितलं, आणि लोकांनी प्रत्येकाला एकदाच पाहिलं. हा इतिहास मला जाळीवाल्या मावशीनं शिकवला. धक्क्यावर फाटकी जाळी सांधत ती एकेकाचा उद्धार करायची. हा आला तेव्हा खालच्या गल्लीत चाळीस घरं होती, गेला तेव्हा एकतीस. पुढच्याच्या काळात तिचं सत्तावीस नंबरचं घरही पाण्यात गेलं. तेव्हापासून ती जाळ्यांच्या शेडमध्ये राहायची. मतदान मात्र एकदाही चुकवलं नाही.

मी शाळा अर्धवट सोडलेली, पण कायदे वाचून वाचून पाठ केलेले. बोगस मतदार शोधायची मला भारी खुमखुमी. खालच्या गल्लीतली नावं यादीत होती, घरं नव्हती. ठोकली सरसकट हरकत. नंबर वाचले, नावं वाचलीच नाहीत. चौकशीच्या नोटिसा त्याच बुडालेल्या पत्त्यांवर गेल्या आणि ‘घर सापडले नाही’ असा शेरा घेऊन परत आल्या. पेपरात माझा फोटो छापून आला. मी तो चारचौघांत मिरवला.

नवी यादी आली तेव्हा कळलं, मावशीचं नावही उडालं. दुरुस्तीला आठ दिवसांची मुदत होती. कारकून म्हणाला, ताई, हरकत तुमची, चुकली म्हणून लिहून द्या, नाव परत चढेल. मी दिलं नाही. विरोधक दात काढतील, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला ‘चुकले’ हा शब्द लिहवेना. आठही दिवस धक्क्याकडची वाट टाळली.

मतदानाच्या दिवशी मी केंद्रात एका उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून बसले होते. मावशी केस नीट विंचरून आली. अधिकाऱ्यानं यादी दोनदा चाळून मान हलवली. मला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

“ही ओळखते मला. सांग की गं यांना.”

“यादीत नाव नाही, मावशी.”

“यादीचं राहू दे. मी आहे की नाही, ते सांग.”

रांग कुरकुरायला लागली. मी कागदात डोकं घातलं. एरवी कुणाची भीडभाड न ठेवणारी ती बाई रांगेला वाट करून देत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज आणि माझ्या चुकीची लेखी कबुली घेऊन शेडमध्ये गेले. कबुली वाचून दाखवली. तिनं सुई थांबवली नाही.

“म्हणजे तू होतीस.”

मग हात पुसून अर्जावर सावकाश सही केली आणि खासदारकीचं पुढचं मतदान कधी, विचारलं. पाच वर्षांनी, मी म्हणाले.

“तेवढी वर्षं मी आणू कुठून?” असं म्हणून तिनं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.