हौदातल्या खुंट्या

फोन गोदूबाईंच्या भाच्याचा, दिनकरचा होता. "आत्या गेली," एवढंच म्हणाला, आणि जरा थांबून, "हौदाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा." मला भयंकर राग आला. माणूस जाऊन तास झाला नसेल, आणि याला हौद सुचतोय! नंतर वाटलं, त्याचं तरी काय चुकलं... गोदूबाईंना ओळखणाऱ्या कुणालाही आधी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरामागचा तो हौदच आठवणार. त्या जाऊन आता दीड महिना होत आला, आणि माझंही तेच झालंय.

गोदूबाई आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. माहेर सिल्लोडच्या पुढचं, घरी शेती. निजामाच्या काळात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. पोलीस ॲक्शननंतर शहरात मुलींची मराठी शाळा निघाली, तिथं त्या लागल्या. "नोकरी सुटली की गपगुमान गावी यायचं," या अटीवर थोरल्या भावानं, म्हणजे दिनकरच्या वडिलांनी, त्यांना सोडलं होतं. गावी जाऊन काय करायचं, तर भावजयीच्या हाताखाली राबायचं आणि कुणी बिजवर सांगून आला तर मान खाली घालायची. त्या नोकरीवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं, आणि ती पणाला लावायची वेळ आली ती व्हिएतनामपायी. सांगून खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

कुठल्याशा जाड इंग्रजी पुस्तकात त्यांना त्रुंग बहिणी भेटल्या. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिएतनामवर चीनच्या हान सम्राटाचा अंमल होता. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला चिनी अधिकाऱ्यानं मारलं, असं तिथली परंपरा सांगते. ती रडत बसली नाही. धाकटीला घेऊन तिनं सैन्य उभं केलं, गडामागून गड घेतले आणि राणी झाली. तीनेक वर्षांनी चीनची मोठी फौज आली आणि दोघी हरल्या. बाई हे सांगायच्या तेव्हा वर्गात सुई पडली तरी ऐकू यायची. पण त्यांचा धडा तिथं संपायचा नाही. तो संपायचा थेट नऊशे वर्षांनी, बाख डांग नदीवर. न्गो क्वेन नावाच्या सेनापतीनं नदीच्या तळात लोखंडी टोकांचे खांब रोवले. भरतीत ते बुडाले. चिनी आरमार त्यांच्यावरून मोठ्या तोऱ्यात आत आलं, आणि ओहोटी लागल्यावर तिथंच अडकून फुटलं.

आता आमच्या शहरातल्या खाम नदीच्या काठच्या पोरींना भरती-ओहोटी काय कळणार? समुद्र आम्ही पाहिला नव्हता, बाईंनीही नाही. म्हणून त्यांनी नव्या घराचा हौद बांधताना ओल्या सिमेंटात सळईचे तुकडे तिरपे रोवून घेतले. रविवारी आम्ही तिथं जमायचो. हौद भरायचा, कागदी होड्या सोडायच्या, आणि बाई तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा ओढायच्या. पाणी उतरायचं, होड्या भोकाकडे धावायच्या आणि एकेक खुंटीत अडकायची. आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याच हौदावर धुणं धुताना बाईंच्या किती साड्या फाटल्या असतील!

एका पालकाला हे झोंबलं. विधवेनं सैन्य उभारायचं, हे मुलींना शिकवता? एका रविवारी संस्थेचे चिटणीस घरी आले. आम्ही चार-पाच जणी हौदाशीच होतो. बाईंनी त्यांना चहा दिला, वर एक होडीही हातात दिली.

"बाई, हे अभ्यासक्रमात नाही," चिटणीस म्हणाले. "आणि त्या बहिणी हरल्याच ना शेवटी? हरलेल्यांचं कशाला शिकवायचं?"

"त्या हरल्या, व्हय. पण त्यांची गोष्ट नाय हरली. नऊशे वर्षं आयांनी पोरींना सांगितली, म्हणून तर खांब रोवणारा निपजला."

"पुन्हा तक्रार आली तर नोकरीवरून काढावं लागेल."

"काढा. मी गावी जाईन आन् तिथल्या पोरींना सांगंन. तिथं लई पोरी हायेत."

त्यांनी चिटणीसांचा रिकामा कप उचलला. तो बशीवर वाजत होता, ते मला आजही ऐकू येतं. त्या घाबरल्या होत्या आणि तरीही मागं सरल्या नाहीत.

काढलं नाही, पण इतिहास काढून घेतला आणि शिवणकाम दिलं. निवृत्तीपर्यंत शिवणकामच. त्या शाळेचा मला आजही राग येतो. बाईंनी मात्र काजं-बटणं शिकवता शिकवता त्रुंग बहिणी सांगितल्या, आणि रविवारचा हौद एकदाही चुकवला नाही. कुणी टोमणा मारलाच, की निजामावर, उर्दूवर राग म्हणूनच या परक्या सत्तेविरुद्धच्या गोष्टी सांगतात, तर म्हणायच्या, "व्हिएतनामच्या लोकांनी चिनी अक्षरं घेतली, मालकी नाय घेतली. उर्दू माझी हाय. जबरदस्ती माझी नाय."

शेवटी भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पोरी यायच्या कधीच थांबल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बोळा कोण ओढंल गं आता?" मी काहीबाही बोलून विषय बदलला...

परवा दिनकरनं बोलावलं. मागचं अंगण सपाट करून गाडीसाठी फरशी घालायची होती. मिस्त्री हौदाजवळ घण घेऊन उभाच होता. मला पाहून म्हणाला, "बाई, इसमें पानी टिकताइच नै. रखके क्या करते?"

"टिकायला नकोच आहे," मी म्हणाले. "उतरायला पाहिजे."

तो दिनकरकडे बघायला लागला. दिनकरनं लहानपणी त्या खुंट्यांवर पाय फोडून घेतले होते, शिव्याही घातल्या होत्या. तो हौदात वाकून त्या खुंट्यांकडे बघत मिस्त्रीला म्हणाला, "फरशी हौदाच्या कडेपर्यंतच घाला."

मी चप्पल काढून आत उतरले. गंजलेल्या खुंट्या हातानं चाचपल्या, एकही हलत नव्हती. मग जुन्या साडीची चिंधी फाडून नवा बोळा केला आणि भोकात घट्ट बसवून पाहिला. गल्लीतल्या पोरींना सांगून झालंय. रविवारी त्या यायच्या आहेत.