नळीतली चार बोटं

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे हळूभाऊ म्हणत. कुणी मशीन आणून धाडकन टेबलावर ठेवलं, की तो दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "हळू, हळू." भीती त्याच्या हाडात मुरलेली होती. जिना उतरताना भिंत सोडायचा नाही, गॅस बंद करून पुन्हा बघायला जायचा. बायको म्हणायची, "तुमची सावलीसुद्धा आधी वाकून बघते, पुढे खड्डा आहे का."

अशा माणसाच्या वाट्याला थोरल्या भावाच्या पश्चात बंदूक आली.

वहिनीनं ती जुन्या चादरीत गुंडाळून आणली आणि उंबऱ्यावरच त्याच्या हातात दिली. "तुमच्या घराण्यातली वस्तू. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेली होती, आता तुमच्या डोक्यावर." आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेली.

लहानपणी ती वडिलांच्या पलंगाच्या वर, दोन खिळ्यांच्या आधारानं भिंतीला टांगलेली असे. कुठली, कुणाची, काही पत्ता नव्हता. वडील शिंपी. विचारलं की सुई तोंडात धरूनच म्हणायचे, "आहे आपली एक." एवढ्यावर विषय संपायचा.

हळूभाऊला ती घरात नको होती. चौकीवर जाऊन तो म्हणाला, "आत्ताच आणून देतो, ठेवून घ्या." तिथला अधिकारी म्हणाला, "आधी कुठली आहे, काय आहे, ते जाणकाराला दाखवा."

"बेवारस समजून ठेवा ना साहेब."

"बेवारस कशी? वारस समोर उभा आहे की!"

बाजारामागे बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. तो फोनवर म्हणाला, "गावभर मिरवत आणू नका. संध्याकाळी मीच येतो. तोवर नळीच्या बुडाशी, घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीपाशी काही शिक्का दिसतो का बघा."

बघा म्हणजे डोळ्यांनी बघा. पण मशीनं उघडण्यात जन्म गेलेल्या माणसाला बघणं म्हणजे उघडणं. आणि साऱ्या जगात एकच जागा अशी होती जिथे हळूभाऊ घाबरत नसे, ती म्हणजे त्याचं कामाचं टेबल. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली, की कुठलीही वस्तू त्याच्या लेखी फक्त काम होऊन जाई. त्यानं बंदूक आवळली. उजेड खिडकीतून येत होता, म्हणून पट्टीची बाजू खिडकीकडे केली. त्यामुळे नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे झालं. दारापलीकडे बायको खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होती.

पट्टीचा स्क्रू गंजून बसला होता. त्यानं तेल सोडलं, वाट पाहिली, पेचकस फिरवला. हलेना. मग हट्टी स्क्रूला तो नेहमी करायचा तेच केलं. गॅसची छोटी ज्योत पेटवली आणि धातू शेकायला लागला.

फोन वाजला. बायकोनं उचलला आणि "तुमचा बंदूकवाला," म्हणत ती नळीच्या समोरूनच चालत आली. त्याचे हात तेलकट, म्हणून तिनं फोन त्याच्या कानाला धरला.

"एक विचारायचं राहिलं," म्हातारा म्हणाला. "मागून उघडते का? की तोंडातूनच ठासायची?"

"मागून बंद आहे."

"मग आधी तोंडातून एक सळई घाला. किती आत गेली तिथे खूण करा, आणि तीच सळई बाहेरून नळीवर धरा. बुडापर्यंत पोचली तर रिकामी."

"आणि कमी पडली तर?"

"तर भरलेली. जुन्या बंदुका लोक रिकाम्या कुठे करतात? नुसत्या टांगतात. आतली दारू कोरडी राहिली तर कधीही पेटते. जरा चटका बसला तरी पुरे. अहो, ऐकताय ना?"

हळूभाऊनं ज्योत विझवली. 

"बाजूला हो."

"काय म्हणाले ते?"

"बाजूला हो म्हणतो ना!"

इतक्या वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. ती भिंतीला जाऊन टेकली. त्यानं कडेला उभं राहून, हात लांब करून सळई आत सोडली, अंगठ्यानं जागा धरली, बाहेरून लावून पाहिली. चार बोटं कमी. अंगठा घसरला असेल म्हणून पुन्हा पाहिली. पुन्हा चार बोटं.

पट्टी अजून तापलेलीच होती. लोखंड निवताना बारीक टिकटिकत होतं.

बायकोच्या हातातल्या फोनमधून म्हातारा सांगत होता, "कमी पडली असेल तर घोड्याखाली छिद्र आहे, तिथून तेल सोडा, भरपूर. भिजली की मेली. तोंडासमोर जाऊ नका."

"चला, आपण बाहेर पळू," बायको म्हणाली.

"तू जा. पलीकडच्यांनाही बाहेर काढ." स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे दुसऱ्यांचं घर होतं.

ती गेली. त्यानं तेलाची कुपी घेतली. कुपीचं टोक छिद्रावर टेकेना, धातूवर टकटक वाजत राहिलं. शेवटी त्यानं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. तेल छिद्रावरच साचलं, धुरकटलं, आणि मग हळूहळू आत उतरलं. कुपी रिकामी झाली तरी तो दाबतच होता.

संध्याकाळी म्हातारा आला. टोकाला पीळ असलेली सळई फिरवून त्यानं आतून कापडाचा एक बोळा काढला, मग एक शिशाची गोळी, मग आणखी एक बोळा आणि काळा चिखल.

"नाव ना शिक्का," तो म्हणाला. "कुणा लोहारानं इकडचं तिकडचं जोडलेली ठासणीची बंदूक. शंभर वर्षांची सहज. पण पाखरांसाठी छर्रे भरतात हो. एकच गोळी म्हणजे..." त्यानं गोळी हळूभाऊपुढे सरकवली.

हळूभाऊनं कोरडा बोळा उलगडला. शर्टाच्या काठाचा तुकडा होता, मशीनवर शिवलेला. तीन टाके घट्ट, चौथा सैल. तीन घट्ट, चौथा सैल. वडिलांचं मशीन असंच लंगडायचं. पोरवयात त्यानं उघडून दुरुस्त केलेलं पहिलं मशीन तेच. त्यानंतर ते कधी लंगडलं नाही.

"हे आमच्या घरी भरलंय," तो म्हणाला. "मी लहान असताना."

"मामंजींनी?" बायको म्हणाली. "ते तर झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचे!"

"मग चौकीत काय सांगू?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मालक कोण, ठाऊक नाही, असंच ना?"

"नाही. आमची आहे म्हणून सांगा."

त्यानं गोळी तळहातावर घेतली. वडिलांकडे रोज माणसं येत. मापं देत, हात वर करून उभी राहत, गप्पा मारत, त्या पलंगावर बसून चहा पीत. ही ज्याच्यासाठी होती, तोही त्यांच्यातच असेल. हळूभाऊ एकेक चेहरा आठवू लागला, आणि त्याच्या लक्षात आलं, की ते सगळेच त्याला कधी ना कधी कडेवर घेऊन फिरले होते.