शेवटच्या बाकावरचा हात

कुठल्याही नव्या जागेत शिरले की ते एकदाच टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये टाळी वाजवून म्हणाले, "मेला. इथे आवाज जन्मतो आणि जागीच मरतो." वुडलँड्सला आमच्या घरी जेवायला आले, तर लिफ्टसमोरच टाळी. माझी मुलगी कुजबुजली, "बाबा, युअर फ्रेंड सो वियर्ड लाह." त्यांनी ऐकलं. "वियर्ड आहेच," म्हणाले, "पण कान चांगले आहेत."

हंगेरीचे इंजिनिअर. माझ्या हाताखाली होते, पण वयानं दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या गावाबाहेर दगडाच्या जुन्या खाणीत उघड्यावरचं नाट्यगृह आहे. भोवती सूर्यफुलांची शेतं, मागे बेडकांचं तळं. माइक नाही. थोरली बहीण नाटक बसवायची, त्यात कामही करायची. दर ऑगस्टला हे तालमीत शेवटच्या बाकावर बसत. आवाज पोचला नाही की हात वर. मग बहीण तेच वाक्य पुन्हा म्हणायची, मोठ्यानं.

त्या वर्षी त्यांनी ऑगस्टची रजा जानेवारीतच मागितली. "बहिणीचा आवाज बसत चाललाय. यंदा तिचं शेवटचं काम."

आमच्या दोघांपैकी एकानं ऑफिसात असायलाच हवं, असा नियम. पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीसाठी गुरुजींनी मला दोन मुहूर्त काढून दिले होते, एक श्रावणातला, एक मार्गशीर्षातला. तुम्हाला खरं सांगतो, मार्गशीर्ष चालला असता. पण मला घाई होती, आणि रजा मंजूर करणारा मीच होतो.

"पुढच्या वर्षी जा," मी म्हणालो.

"बरं." एवढंच.

मी पुण्याहून परतलो तेव्हा त्यांनी सांगितलं, ऑफिसच्या जिन्यात बसून ते फोनवर तालमी ऐकत होते. "अरे, फोनवर सगळंच जवळून ऐकू येतं. हात कधी वर करायचा, कळलंच नाही." प्रयोगात मागच्या रांगांतून लोक ओरडले, ऐकू येत नाही. बहीण वाक्य विसरली आणि आत निघून गेली.

हिवाळ्यात ती वारली. नाट्यगृह सांभाळायला त्यांनी नोकरी सोडली.

निरोपाचा केक त्याच मीटिंग रूममध्ये कापला. ते लांबच्या टोकाच्या खुर्चीवर बसले होते. मी ठरवून आलो होतो. "रजेच्या बाबतीत माझं चुकलं," मी म्हणालो. पण केककडे बघत, पुटपुटत.

त्यांनी हात वर केला. चेहऱ्यावर राग नव्हता. मान तिरकी करून वाट बघत होते.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मोठ्यानं म्हणालो, "ऑल द बेस्ट!"

टाळ्या झाल्या. त्यांनी हात सावकाश खाली घेतला.