तिरक्या रानाची मोजणी

“तीस तास तुला, तीस तास मला. बापूनी तुझ्यासमोर मोजले, तवा तोंड शिवलं व्हतं का?” भागवत ओट्यावरून विचारत होता.

त्याचा धाकटा भाऊ बजरंग अंगणात उभा होता. त्याचं म्हणणं एवढंच की ओळी सारख्या आहेत, मग दोन वर्षं कापूस त्यालाच कमी का? पाणी सारखं, बियाणं एकाच दुकानातलं. भागवत म्हणाला, बायकोला घेऊन दर आठवड्याला गंगाखेडला सासुरवाडी गाठली की कापूस रानात वाट बघत बसत नसतो. हे ऐकून बजरंगची बायको दारातून आत गेली आणि तिनं भांडी जरा जोरात ठेवली.

पोखर्णीच्या शिवारातलं हे सव्वा एकराच्या थोडं वरचं रान. दोन वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांच्या बापानं, म्हाताऱ्या लिंबाजीनं, वाटणी केली, ती इकडच्या रिवाजानं, उभ्या पिकात तास, म्हणजे ओळी, मोजून. कापसाच्या साठ ओळी. तीन वेळा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, दर दहा तासांना झाडाला चिंधी बांधत. रस्त्याकडचे तीस थोरल्याला, ओढ्याकडचे तीस धाकट्याला. आता भागवतनं मधून तारेचं कुंपण घालायचं ठरवलं होतं. सिमेंटचे खांब सकाळीच परभणीहून येऊन अंगणात पडले होते. उद्या ते तिसाव्या तासाला रोवले की विषय संपला.

भागवतची बायको साधना आत भाकरी थापत होती. तिला सगळं ऐकू येत होतं आणि बजरंगचं खरं आहे हेही तिला माहीत होतं. आज नाही, वाटणीच्या दिवसापासून.

साधना दहावी नापास. बाकीच्या विषयांत बरी होती, भूमितीत चाळीसपैकी सहा. ऑक्टोबरात पुन्हा बसली, तेव्हा आठ. पक्ष, साध्य, सिद्धता असं सगळं तिनं पाठ केलं होतं. पण वहीतला त्रिकोण एबीसी असायचा आणि पेपरात पीक्यूआर आला की तिचं पाठांतर तिथंच थांबायचं. सर म्हणायचे, अक्षरं ही नुसती नावं आहेत. ती म्हणाली, मग बदलता कशाला? वर्ग हसला आणि सरांनी तिला बाकावर उभं केलं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

चार वर्षांपूर्वी या रानात ठिबक बसवायचं ठरलं. दुकानदारानं लांबी-रुंदी विचारली. भागवतनं लांबी मोजली ती ओढ्याच्या कडेची, कारण तिकडं सावली होती. नळी आली, अंथरली आणि रस्त्याकडचे बारा तास कोरडे राहिले. भागवत दुकानदाराशी भांडायला निघाला. साधनानं त्याला थांबवलं नाही. तो गेल्यावर दोरी घेऊन ती एकेक तास मोजत गेली. रस्त्याकडचा पहिला तास तीनशे फूट, पुढचा त्याहून दोन फूट कमी, त्यापुढचा आणखी दोन. ओढ्याकडचा शेवटचा एकशे ब्याऐंशी. रान ओढ्याकडं निमुळतं होत गेलेलं. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड तास मिळवला, निम्मं केलं, साठनं गुणलं. गुणाकार झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हा तर समलंब चौकोन. सरांनी फळ्यावर काढला तेव्हा तो कुणाचाच नव्हता.

तिनं सांगितली तेवढी नळी आणली. शेवटी हातभर उरली.

तिनं भाचीकडून नववी-दहावीची पुस्तकं मागून घेतली. दुपारी भांडी झाली की कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकृत्या काढायची. वर्षभरात गावातल्या सहा जणांचं ठिबक तिनं आखून दिलं. सिताराम गवंडी गोठ्याचा काटकोन धरायला तिला बोलवायला लागला. तिच्या तीन-चार-पाच फुटांच्या दोरीनं एकही कोपरा चुकेना, तेव्हा तो तिला चेष्टेनं ‘मॅडम’ म्हणायला लागला आणि पुढं चेष्टा गेली, मॅडम राहिलं.

आपल्या घरातली वाटणी मात्र तिनं दोन वर्षं मोजली नाही. मोजली नाही म्हणजे बोलली नाही. लांब तास तिच्या वाट्याला आले होते.

बाहेर बजरंग म्हणाला, “खांब रोवा दादा. म्या पुढच्या साली रान बटईनं लावून देतो आन् पुण्याला जातो.”

साधना पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली.

“मामा,” ओट्याच्या कडेला तंबाखू मळत बसलेल्या सासऱ्याला ती म्हणाली, “तुमी तास बरुबर मोजले. तासाची लांबी मोजली न्हाई. आपल्या तीस तासांना आठ हजार एकशे तीस फूट नळी लागली. भावजींच्या तीसला सहा हजार तीनशे तीस. दोन तासांत चार फूट अंतर धरलं तर साडेसहा गुंठ्यांचा फरक हाय.”

लिंबाजीच्या हातातली तंबाखू मळायची तेवढी थांबली.

“भूमितीत दोनदा पडलेली बाई सासऱ्याला मोजायला शिकवायली,” सासू दगडाबाई म्हणाली.

“पडले व्हते, आत्या. म्हणून तर चार साल शिकायले.”

भागवत ओट्यावरून उतरून तिच्याजवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, “कुणाच्या घरात खायलीस, ध्यानात हाय का?”

“हाय. तुमच्याच घरात दोन साल गप बसले.” ती खांबांकडं वळली. “सव्वीस तास आपले, चौतीस भावजींचे. खांब सव्विसाव्या तासानंतर रोवायचे. सकाळी सातला मी टेप घेऊन रानात चालले. भाकरी आत्यानी कराव्या.”